औशाच्या तळ्यात पडलेलं विमान

औशाहून फोन आला तेव्हा फौजदार साहेबराव इंगळे जेवायला बसले होते. तळ्यात विमान पडलं, एक बाई मेली, एवढं सांगून हवालदारानं फोन ठेवला.

तळं नावालाच होतं. लातूर नवा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, साहेब लोक आले; पाणी तेवढं कुणी आणलं नाही. भेगाळलेल्या तळ्यात हौशी मंडळी रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवत, आणि उजव्या काठावर बाया टँकरची वाट बघत बसत. तसलंच एक विमान धोंडाबाईच्या कानशिलावर आदळलं होतं. इंजिन लोखंडाचं, पंखा फिरता. म्हातारी जागीच गेली.

साहेबराव पोचले तेव्हा रांग तशीच होती. धोंडाबाईची घागर मागून कुणीतरी पुढं सरकवली होती. 

विमान उडवणारा सिद्धराम ठाण्यात बसवला होता. विमानविद्या शिकवणारा मास्तर, तोही हंगामी. नव्या जिल्ह्यात विमानाचं प्रशिक्षण केंद्र निघणार होतं आणि शिक्षकाची जागा एकच होती. नावं दोन चर्चेत होती, सिद्धरामचं आणि त्याच्याच हाताखाली शिकलेल्या बसवराजचं. आता सिद्धरामच्या नशिबी जागा सोडा, तुरुंग दिसत होता. त्याची बायको महानंदा ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

"हात घसरला म्हणून गुन्हा दाखल करा अन् मोकळे व्हा," वरून निरोप आला होता. साहेबरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात घसरला का?" त्यांनी सिद्धरामला विचारलं.

"न्हाई साहेब. विमान ऐकतच नव्हतं. शेपूट नुसतं फडफडत होतं. डाव्या अंगाला, रिकाम्या गाळाकडं निघालं. मी 'गेलं' म्हणून ओरडलो."

"मग?"

"परत आणायला हातातल्या रेडिओ सेटची दांडी उजवीकडं दाबून धरली. शेवटाला एकदम ऐकलं, वळलं, आन्..." त्यानं तोंड झाकलं.

"उजवीकडं टँकरपाशी बायांची रांग दिसली नाही?"

"टँकर मागून आला, साहेब, रांग तवा लागली. माझे डोळे वर."

विमानातली बॅटरी उतरली असेल म्हणावं, तर तसंही नव्हतं. मोडक्या सांगाड्यासमोर सिद्धरामचा सेट लावला, तर तुटकं शेपूट मुकाट्यानं हललं.

मग बसवराज आला. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड.

"तुम्ही कुठं होता?"

"काठावर, जीपमध्ये. माझी पाळी यायची होती."

"सिद्धरामच्या सेटच्या एरियलला ती लाल फीत कशाची?"

"प्रत्येक रंगाची फीत एकच, साहेब. रंग म्हणजे रेडिओची लहर. ज्याच्या एरियलला फीत, त्यानंच त्या लहरीवर सेट लावायचा. एका लहरीवर दोन सेट लागले तर विमान कुणाचं ऐकणार? लाल फीत सरांकडंच होती."

"तुमचा रंग?"

"पिवळा. पण माझा सेट पेटीतून निघालाच नाही."

"लहर बदलता येते?"

"येते. नखाएवढा क्रिस्टल असतो. काढून दुसरा घालायचा."

"आणि कुणी 'गेलं' म्हणून ओरडलं तर?"

"बाकीच्यांनी सेट बंद करून एरियल आत ढकलायचं. रंग कुठलाही असो. सरांनी हाताला अशी सवय लावलीय, झोपेतसुद्धा होईल."

साहेबराव पुन्हा तळ्यावर गेले. रांगेत धोंडाबाईच्या मागं उभी असलेली चांगुणाबाई तिथंच भेटली.

"मावशी, जीपवाला काय करून राहिला होता?"

"रेडू ऐकून राहिला व्हता की. लांब काडीवाला. मास्तर वरडला तसं त्यानं काडी आत ढकलली. मला वाटलं, बातम्या सपल्या."

"काडी आधी ढकलली, का विमान आधी वळलं?"

"काडी आधी. मंग ते मेलं आमच्याकडं वळलं."

संध्याकाळी साहेबरावांनी गुरुशिष्यांना समोरासमोर बसवलं.

"बसवराज, तुमचा सेट पेटीत होता म्हणालात. मग आत ढकललं ते एरियल कुणाचं?"

बसवराज इस्त्रीची बाही सरळ करू लागला.

"बॅटरी ठीक, सेट ठीक. तरी शेपूट फडफडत होतं, म्हणजे दोघं जण ओढत होते. लाल फीत एकच आहे, पण लाल क्रिस्टल दुसरा मिळतो. तो तुम्ही घातला आणि जीपमध्ये बसून सरांचं विमान पाडायला निघालात. नंतर पुन्हा पिवळा घातला. सगळं झाकलं असतं. पण सर ओरडले आणि तुमच्या हातानं शिकल्याप्रमाणे केलं. ते चांगुणाबाईनं बघितलं."

बसवराजचा चेहरा उतरला. "गाळात पडावं, सरांची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं, साहेब. जागा मला मिळाली असती. बाईला मारायचं नव्हतं. ओरडा ऐकला अन् हात आपोआप गेला. मी बंद केलं होतं हो."

"लाज नाही वाटली? ज्यानं शिकवलं त्याच्याच मुळावर उठलात."

हवालदारानं बसवराजला उठवलं. साहेबरावांना वाटलं, आता सिद्धराम सुटकेचा श्वास टाकेल. तो मात्र जागचा हलला नाही.

"यानं बंद केलं, तवा विमान माझ्याकडं परत आलं," तो हळूच म्हणाला. "मी उजवीकडं दाबूनच होतो. मी शिकवलेलं यानं ऐकलं नसतं, तर ते गाळातच पडलं असतं. म्हातारी वाचली असती."

साहेबरावांना हे कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्यांनी पुढ्यातला गुन्ह्याचा कागद उलटा ठेवला.

"कायद्यानं तुम्ही सुटलात," ते म्हणाले.

"हाव," सिद्धराम म्हणाला आणि आपल्या हातांकडं बघत राहिला.

बाहेर महानंदा पायरीवरून उठली. "साहेब, यांच्या हातानं न्हाई ना झालं?"

"नाही, बाई," साहेबराव म्हणाले. "यांना घरी घेऊन जा."

आतून सिद्धरामनं ते ऐकलं. तरी तो बराच वेळ बाहेर आला नाही.