राखेत निवलेलं सोल्डर

अपेक्षाचं प्रेम जळक्या मिक्सरच्या वासात सुरू झालं. त्याला तिचा इलाज नव्हता.

अकोल्याला ताईकडे आली असताना ताईचा मिक्सर जळला, म्हणून ती नितेशच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेली. त्याने तारेवर सोल्डरचा, म्हणजे जोडकामाच्या वितळलेल्या धातूचा, थेंब सोडला. थेंब चमकला... आणि बघता बघता गोठला.

"इतक्या लवकर?"

"हे सोल्डर लापशीवानी रेंगाळत नाई, मॅडम. पातळ त पातळ, घट्ट त एकदम घट्ट."

अपेक्षा चमकली. वलगावच्या भाजीवाल्या किसनरावांची ही लेक अमरावतीत इंजिनिअरिंग शिकत होती. तिचा प्रकल्प याच सोल्डरवर होता आणि कॉलेजची भट्टी बंद होती. तिने नमुना त्यालाच करायला सांगितला आणि समजावलं,

"यात शिसं अन् कथील हाय. गोठताना शिशाचा थर कथलाले बाजूले सारते, अन् शेजारच्या थराले तेच लागते. कथलाचा थर शिसं सारते. असे थरावर थर. सावकाश निवलं त जाड, लवकर निवलं त बारीक. मले जाड पाह्यजेत."

"एकानं सारलेलं दुसऱ्याच्या कामी! संसारच झाला मॅडम, हा."

ती हसली. मग उगाच मिक्सरकडे बघत राहिली.

तिची बस चुकू नये म्हणून नितेशने पहिला तुकडा पाण्यात बुडवला. थर इतके बारीक पडले, की सूक्ष्मदर्शकातून नुसता करडा चिखल दिसला. दुसऱ्यांदा त्याने भांडं राखेत दाबलं आणि ते निवायची वाट बघत ती संध्याकाळपर्यंत दुकानात बसली. त्या तुकड्याबद्दल अपेक्षाने फोनवर सांगितलं — हाही बिघडला, शनिवारी पुन्हा येते.

शुक्रवारीच तो अमरावतीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"निवेस्तोवर भांड्याले हातबी नाई लावला मी. कुठं चुकलो, थे दाखवा. दोन दिवस झाले, जेवन जात नाई."

पहिला, बिघडलेलाच तुकडा भिंगाखाली सरकवावा, असं तिच्या मनात आलं. पण त्याचं पडलेलं तोंड पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने दुसरा ठेवला.

काळा थर, पांढरा थर, काळा थर... जाडजूड, एकाला एक लागून.

"हे त बरोबर दिसून राहिलं."

"हो."

"मंग खोटं काहून बोलल्या?"

"बरोबर म्हनलं असतं, त अकोल्याले यायले कारन काय उरत होतं? तुमी आवडता मले. आता रागवा."

तो पुन्हा भिंगात बघू लागला. संपलं सगळं, असं वाटून तिने तुकडा उचलायला हात पुढे केला.

"त्या दिवशी राखेतलं भांडं दुपारीच निवलं होतं," तो हळूच म्हणाला. "गरम हाय, गरम हाय म्हनून म्या तुमाले संध्याकाळच्या गाडीपावतर बसवून ठेवलं."

"म्हंजे तुमीबी...?"

"उद्या या. काही काम नाई. तरीबी या."