अर्थ झाला नाही

डोळे मिटा बरं, आणि माझ्याबरोबर वडवणीजवळच्या एका गावात चला. श्रावणातली संध्याकाळ आहे. मारुतीच्या देवळात पोथी चाललीय. अभिमन्यू ओवी वाचतो, शेजारी बसलेले भगवानराव अर्थ सांगतात. अर्थ झाल्याशिवाय पुढची ओवी वाचायची नाही, हा गावाचा जुना रिवाज. दिसतंय ना?

वैष्णवी आली होती फक्त भाचीला घरी न्यायला. पण तो आवाज ऐकला आणि ती दारातच थबकली. अभिमन्यूनं मान वर केली... एकदाच. अन् ओवी चुकली!

समुद्र घुसळून अमृत निघाल्याची कथा चालली होती. तिच्या भाचीनं, नऊ वर्षांच्या तेजश्रीनं, मध्येच विचारलं, "आमाला मिळंल का ते?"

भगवानराव हसले. "ऊसतोड्यांना कशाला अमृत? तुमाला कोयता हाय की!"

सगळं देऊळ हसलं. पोरीची मान खाली गेली. वैष्णवीच्या अंगाची लाही लाही झाली.

"हसता कावून?" ती दारातूनच कडाडली. "समुद्र म्हंजी आपलंच मन, तात्या. घुसळलं की आधी वीख वर येतं, आत्ता तुमच्या तोंडून आलं तसं! त्याच्याबी खाली जे जागं ऱ्हातं, ते अमृत. माझी आई दिवसभर मोळ्या वाहायची अन् पहाटं गाणं म्हणत उठायची. ते तिला कोणत्या देवानं वाढलं होतं?"

"बायांनी अर्थ सांगायचा न्हाई! अभिमन्यू, वाच पुढं."

अभिमन्यूनं पोथीवर हात ठेवला. "कसं वाचू? अर्थ झाला न्हाई."

"मी सांगितला की!"

"तुमी कोयता सांगितला, तात्या. ओवीत कोयता न्हाई."

कुणी हसलं नाही. आरती कशीबशी उरकली. भाचीचा हात धरून वैष्णवी तरातरा पायऱ्या उतरली, तेवढ्यात मागून अभिमन्यू आला.

"लई चिडता बुवा तुमी."

"मग काय पेढे वाटू?"

"न्हाई, म्हंजी... आज पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी ऐकतंय."

"ऐकत होते. एक ओवी चुकलात."

"ती तुमच्यामुळं."

तिचे कान तापले, आणि ते रागानं नव्हे.

"पुढच्या श्रावणात माझ्या शेजारी बसाल?" तो अडखळला. "अर्थ सांगायला... अन् तसंबी. जन्मभर."

"पुढच्या श्रावणात कावून?" ती फणकारली. "जन्मभर म्हणता अन् पहिलं वरीस वाया घालवता? उद्याच बसते. बघू, कोण उठवतंय!"

तेजश्री कान टवकारून ऐकत होती. तिनं आत्याच्या हातातला रुमाल ओढला आणि थेट देवळात शिरली. वडवणीच्या स्टँडवर बसमध्ये जागा धरतात ना, अगदी तसाच तो रुमाल तिनं भगवानरावांच्या डोळ्यांदेखत पोथीशेजारी अंथरला... आणि कुणी उचलू नये म्हणून स्वतःच त्यावर मांडी घालून बसली.