डावं दार हिरवं

टकर्स बेंडच्या ट्रॅकला दोन फाटकं होती. पुढचं प्रेक्षकांचं. मागचं फाटक ट्रॅक ओलांडून थेट मधल्या आवारात न्यायचं, जिथे शर्यतीच्या गाड्या आणि त्यांची हत्यारं मांडलेली असत. त्या आवाराला सगळे पिट म्हणत. १९६६च्या ऑगस्टमध्ये, एका शनिवारी दुपारी, जोराची सर येऊन गेली आणि पुढच्या फाटकापाशी लाल चिखल झाला. म्हणून नीवा बारहमने आपली हिरवी गाडी मागच्या फाटकाकडे वळवली. चूक एवढीच झाली.

गाडीत भाजलेल्या शेंगांचं पोतं होतं, प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या दुकानात पोचवायचं. फाटकावरचा ओटिस पावसाला भिऊन कुठेतरी छपराखाली बसला होता, त्यामुळे तिला अडवायला कोणी नव्हतं. दुकान कुठे दिसेना, तेव्हा पोतं पाठीवर घेऊनच शोधू म्हणून तिने ते बाहेर ओढलं. शिवण उसवली आणि निम्म्या शेंगा खळखळत एका लाल गाडीखाली गेल्या.

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते एकदम स्तब्ध झाले.

"काका," गाडीखालून आवाज आला, "पाऊस परत लागला का?"

"नाही रे," बॉनेटमध्ये डोकं घातलेला म्हातारा म्हणाला.

"मग वाजलं काय?"

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. शेंगा पाहिल्या. शेंगांमागची हिरवी गाडी पाहिली. गाडीशेजारी उभी असलेली नीवा पाहिली. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, मयताला धरतात तशी.

"हर्ली," तो म्हणाला, "बाहेर येऊ नकोस. तुला बघवणार नाही."

व्हर्जिनियाच्या त्या कोपऱ्यात भुईमुगावर अख्खा तालुका जगत असे. शाळेच्या इमारतीपासून चर्चच्या घंटेपर्यंत सगळं शेंगांच्या पैशातून उभं राहिलेलं. पण पिटमध्ये टरफलासकट शेंग न्यायची नाही, अपशकुन होतो, हा शर्यतवाल्यांचा नियम होता. हिरवा रंग न्यायचा नाही, हा दुसरा. आणि बाई न्यायची नाही, हा तिसरा. पहिले दोन नुसते समजायचे असत. तिसरा फाटकावर पाटी लावून लिहिला होता.

हर्ली लँकफर्ड सरपटत बाहेर आला. गालावर तेलाचा पट्टा, केसांत माती... आणि डोळे असे, की नीवा पोतं सावरायचं विसरली.

"शेंगा?" त्याने विचारलं.

"हो."

"टरफलासकट?"

"सोलून कोण विकतं?"

"आणि ही गाडी... हिरवी."

"डॅडींनी घेतलीय. तक्रार त्यांच्याकडे करा."

"आणि तुम्ही—" तो अडखळला. "म्हणजे, तुम्ही बाई आहात."

"फार लवकर ओळखलंत!"

म्हातारे मेबेन काका आकाशाकडे पाहून काहीतरी पुटपुटले. नीवा गुडघ्यांवर बसली. "सांडल्या मी, उचलतेही मीच. टरफलसुद्धा ठेवणार नाही मागे." हर्ली तिच्यासमोर बसला आणि एकेक शेंग ओंजळीत गोळा करू लागला. गाडीखाली, चाकामागे, दोघांचे हात एकाच शेंगेवर पडले. कोणीच लगेच काढून घेतला नाही.

"हात लावू नकोस!" काका ओरडले.

"कशाला, काका?" हर्ली म्हणाला. "शेंगेला की..."

"दोन्हीला!"

त्या संध्याकाळी हर्लीच्या लाल सत्तेचाळीस नंबरच्या गाडीचं इंजिन शर्यतीच्या मध्यावर बंद पडलं. काकांना त्याचं कारण विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

सत्तेचाळीस नंबर ही एकट्या हर्लीची गाडी होती. दुसऱ्यांकडे मालक वेगळा, चालवणारा वेगळा, मिस्त्री वेगळा. इथे मालक हर्ली, चालवणारा हर्ली आणि मिस्त्री हर्ली. मेबेन काका उरलेलं सगळं करत, म्हणजे मुख्यतः बोलत. एक जुना गोठा हे त्यांचं गॅरेज. तीन हंगाम झाले होते, एकही शर्यत जिंकलेली नव्हती. तरी बारा-पंधरा मैलांवरची पोरंठोरं 'लँकफर्डची टीम' असंच म्हणत, जणू तिथे पन्नास माणसं कामाला होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना आटोपून नीवा आणि तिचे वडील घरी आले, तो हर्ली ओसरीच्या पायरीशी उभा. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. त्याने तळहात पुढे केला. त्यावर एक शेंग होती.

"तुमची आहे. सीटखाली सापडली."

"एवढ्यासाठी सात मैल आलात?"

"अपशकुन ज्याचा त्याला परत केलेला बरा."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. पुन्हा एक शेंग. या वेळी डिकीत सापडली होती. त्यापुढच्या रविवारी बॅटरीमागे. नीवा लिंबाचं सरबत आणून देई, मग दोघं ओसरीवर बसत... आणि ते सरबत संपायला दुपार लागे. डॅडी आतून म्हणत, "हा मुलगा एकेक शेंग परत करतोय. पोतं भरेपर्यंत मी जगेन असं वाटत नाही."

सप्टेंबरच्या शेवटी एकदा त्याने शेंग पुढे केली, तेव्हा नीवाने ती उचलून कानाशी वाजवली. दाणे खुळखुळले.

"ही भाजलेली आहे," ती म्हणाली.

"हो... मग?"

"आता नवी ओली शेंग आलीय. गेले दोन शनिवार आम्ही दुकानात उकडलेल्या पाठवतोय. आणि त्या दिवशी तर मी टरफलसुद्धा सोडलं नव्हतं. मग ही आली कुठून, लँकफर्डसाहेब?"

हर्लीचे कान गाडीइतके लाल झाले. "वाण्याकडून."

"विकत घेतली?"

"एक शेंग कोणी विकत देत नाही हो. पिशवी घ्यावी लागली." तो खाली पाहत म्हणाला. "गोठ्याबाहेर, झाडाला टांगून ठेवलीय. गाडीपासून लांब. रविवारी एक... अशी पुरवून वापरतोय."

नीवा इतकी हसली, की डॅडी बाहेर आले.

पण शनिवार वेगळे होते. शनिवारी ती ट्रॅकवर पुढच्या फाटकाने जाई, दुकानात पोतं देई आणि कुंपणाशी उभी राही. हर्ली पलीकडून जायचा... आणि बघायचा नाही. एकदा तर त्याने तिची गाडी दिसताच चेहऱ्यावर हात धरला, ऊन नसताना. ऑक्टोबरच्या एका रविवारी तिने सरबत आणलं नाही.

"एक विचारू? रविवारी मी माणूस असते. मग शनिवारी अपशकुन कशी होते?"

"नीवा, तसं नाही गं... ती पद्धत आहे. काका—"

"काकांशी मला लग्न करायचं नाहीये."

शब्द तोंडातून सुटला, तशी तिने जीभ चावली. हर्ली मात्र हसला नाही. "कोणाशी करायचंय?" असंही विचारलं नाही. टोपी फिरवत उभा राहिला, आणि निघून गेला.

हंगामाची शेवटची शर्यत पुढच्या शनिवारी होती. त्याआधीच्या सरावात एका गाडीने गिरकी खाऊन सत्तेचाळीसला बाजूने धडक दिली. हर्लीला खरचटलं फक्त, पण डावं दार पार आत गेलं. भंगारवाल्यांकडे त्या मॉडेलचं डावं दार मिळेना. तेवढ्यात रिचमंडचे थॉर्नहिल नावाचे धनाढ्य गृहस्थ गोठ्यावर येऊन गेले. त्यांची कोरी पांढरी गाडी तयार होती, चालवणारा नव्हता. ते हर्लीला म्हणाले, शनिवारी चालव, जमलं तर पुढच्या वर्षी रिचमंडला राहायला ये. ही लाल गाडी विकून टाक. ही बातमी नीवाला वाण्याच्या दुकानात कळली.

शुक्रवारी संध्याकाळी ती स्वतःच गोठ्यावर गेली. तिची गाडी १९५७ सालची शेवरोले होती. सत्तेचाळीस नंबरची गाडीही त्याच मॉडेलची.

"माझं डावं दार काढून घ्या," ती म्हणाली.

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "पोरी, तुझे उपकार. लाल रंगाचा डबा आहेच, तासाभरात—"

"रंगवायचं नाही," नीवा म्हणाली. "ही अट आहे. दार जसं आहे तसं बसेल, नाहीतर बसणार नाही."

"हिरवं?" काकांचा आवाज फुटला. "अगं, लोक मारतील आम्हाला!"

ती हर्लीकडे पाहत होती. "माझं काही तुमच्या गाडीत येणार असेल, तर त्याला लपायला लावू नका. एवढंच."

हर्लीने पाना उचलला आणि तिच्या गाडीचं दार सोडवायला घेतलं. काकांनी दार आत नेलं. नीवा डाव्या बाजूला दोरी बांधून, थंड वाऱ्यात स्कर्ट सावरत घरी गेली. वाटेत तिच्या लक्षात आलं... त्याने हो म्हटलंच नव्हतं.

शनिवारी ट्रॅकवर ओटिसने दोरीकडे पाहिलं. "बाई, दार वाटेत पडलं की काय?"

"दिलंय."

"कुणाला?"

"तेच बघायला आलेय."

ती कुंपणाशी उभी राहिली. आधी पांढरी गाडी बाहेर पडली. नीवाचे हात कुंपणाच्या जाळीत रुतले. पण आतला माणूस बुटका होता, हर्ली नव्हे. त्यानंतर सत्तेचाळीस आली. लाल बॉनेट, लाल छप्पर, लाल दार...

लाल दार.

पण ते उजवं. गाड्या डावीकडे वळत वळत फिरत, त्यामुळे समोरून जाताना प्रेक्षकांना उजवी बाजूच दिसे. पलीकडच्या सरळ पट्टीवर डावी दिसली असती, पण मध्ये ट्रकांची रांग उभी होती आणि वर लाल धूळ. भोंग्यातून शब्द कमी आणि खरखर जास्त येत होती. लाल डबा होता, पाना होता आणि अख्खी रात्र होती. रंगवलंच असेल, तिला वाटलं. कोण नाही रंगवणार?

शर्यतीच्या मध्यावर पुढचे दोघे एकमेकांत अडकले आणि हर्ली पुढे निघाला. मागून निळी गाडी आली. तिचा वेग जास्त होता. वळणावर हर्लीच्या डावीकडे, आतल्या बाजूला, बैलगाडी जाईल एवढी जागा होती. निळी गाडी आत घुसली, तिचं नाक हर्लीच्या मागच्या चाकापाशी आलं... आणि चटका बसल्यासारखी ती मागे सरकली. मग बाहेरून जायला गेली, भुसभुशीत मातीत घसरली आणि मागे पडली.

पांढऱ्या गाडीचंही तेच झालं. आत घुसली, नाक पुढे आलं, कचरली, मागे.

"अरे, यांना झालंय काय?" शेजारची जाडी बाई ओरडली. "आत एवढी जागा आहे! जा ना!"

नीवाने श्वास घेतला. मग हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हिरवं आहे," ती म्हणाली.

"काय हिरवं आहे?"

"दार. त्याला कोणी घासून जाणार नाही! रंगवलं नाही त्याने!"

कोणीच घासून गेलं नाही. लँकफर्डच्या टीमने पहिली शर्यत जिंकली. टकर्स बेंडवर त्या दिवशी चारजण तरी त्याच्याहून वेगाने चालवत होते, आणि चौघेही एका रंगाला भ्यायले.

हर्ली खिडकीतून बाहेर पडला. बक्षीस देणाऱ्यांकडे न जाता तो मागच्या फाटकाशी आला, कारण तोवर नीवा तिथे पोचली होती. ओटिसने पाटीवर बोट ठेवलं. "बायकांना आत नाही."

"गाडीच्या मालकाला आत सोडतोस ना?" हर्लीने विचारलं.

"सोडतो."

"मग सोड. दार हिचं आहे. मालकीण आहे ही."

ओटिसने बराच विचार केला. पाटीवर मालकिणीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

सगळ्या पिटसमोर ती आत आली. धुळीने माखलेलं हिरवं दार तिने बोटाने पुसलं.

"माझं दार परत दे," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"निघत नाही आता. वेल्डिंग केलंय. शर्यतीच्या गाडीचं दार उघडत नाही."

"मग मी घरी कशी जाऊ? दोरीवर?"

"मी सोडतो."

"आज. आणि उद्या?"

"उद्याही. परवाही. मग... सोडायलाच लागणार नाही, असं काहीतरी करू." त्याने खिशात हात घातला. तळहातावर एक शेंग होती. "शेवटची आहे. पिशवी संपली. आता रविवारी यायला निमित्त उरलं नाही, नीवा. निमित्ताशिवाय येऊ का?"

"आणि रिचमंड?"

"थॉर्नहिलसाहेबांना म्हटलं, तुमच्या गाडीत माझ्या दाराला जागा नाही."

तिने मान हलवली. हो की नाही, हे कळायच्या आत तिने त्याचा तेलकट हात धरला, म्हणजे हो. हर्लीने ती शेंग तिथेच, सत्तेचाळीसच्या बॉनेटवर फोडली. आवाज सगळ्यांनी ऐकला. दोन दाणे निघाले. एक तिला, एक त्याला.

काकांनी डोळे घट्ट मिटले होते. काही कोसळलं नाही, तेव्हा एक उघडला. "टरफलं कोण उचलणार?"

"ज्यांनी शेंग खाल्ली ते," नीवा म्हणाली, आणि दोघं मिळून खाली वाकली.

पुढे लँकफर्डच्या टीमच्या जेवढ्या गाड्या झाल्या, त्या सगळ्या लाल होत्या आणि सगळ्यांचं डावं दार हिरवं होतं. इतर शर्यतवाल्यांची भीती हळूहळू मेली आणि टीम हरू लागली, पण दार बदललं नाही. नीवाच्या गाडीला हर्लीने ते चेपलेलं दार बसवून दिलं. सगळा हिवाळा ठोकून सरळ केलेलं, लालच ठेवलेलं. बंद करताना करकरायचं, पण उघडायचं मात्र बोटाच्या एका धक्क्याने.