शेपटीवाल्याची हजेरी

दार लावून घ्या आधी, धुकं आत येतंय. आणि तू रे, किल्ली ठेव खिशात. जुन्या धावपट्टीवरून लवकर पोहोचशील म्हणतोस? पोहोचशील की. पण आधी थेल्मा ऑडलिंगचं ऐक, मग तुझं तू ठरव. ही ऐकीव गोष्ट नाही. तिनं स्वतः सांगितलेली आहे, आपल्या ह्या पबात, ह्याच टेबलाशी, दोन्ही हातांनी ग्लास घट्ट धरून.

नऊ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाआधीचा शनिवार. थेल्मा बापाला इस्पितळातून घरी आणायला लिंकनला गेली होती. वॉल्टर तेव्हा ब्याण्णव वर्षांचा. डॉक्टरांनी हात टेकलेले. त्यानं निदान आपल्या पलंगावर, आपल्या उशीवर डोळे मिटावेत, एवढंच तिला हवं होतं.

वॉल्टर युद्धात बॉम्बर विमानावर गनर होता. अगदी शेपटीत, काचेच्या घुमटात. सहा जण पुढं आणि हा एकटा मागं, सगळ्यांकडे पाठ करून. युद्धानंतर गाडीतसुद्धा तो जन्मभर मागच्याच सीटवर बसला. बायको म्हणायची, "मी काय तुझी ड्रायव्हर आहे का रे?"

तीनदा त्याचं विमान आदळलं आणि तीनदा हा वाचला. पहिल्यांदा चाकंच उघडली नाहीत. पोटावर घासत विमान बटाट्याच्या शेतात गेलं. सहाच्या सहा जण उड्या टाकून पळाले आणि ह्याला विसरले! घुमट अडकलेला. सापडला तेव्हा थंडीनं काळानिळा पडला होता, तरी शिव्या मात्र कडकडीत. "सामान समजलात का रे मला?" कप्तानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथल्या तिथं नियम केला. जमिनीला टेकलो की मी विमानातल्या फोनवरून एकेकाला हाक मारणार, शेवटी शेपटीला. शेपूट 'हजर' म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. ज्याच्या त्याच्या शिरस्त्राणाच्या वायरीचा प्लग त्या फोनला जोडलेला असायचा.

दुसऱ्यांदा समुद्राकाठच्या चिखलात उतरले. हाका झाल्या, वॉल्टर बोलला, सगळे सुखरूप बाहेर. वायरलेसवाला नॉर्मन मोठा वात्रट. म्हणाला, "गप्प बसला असतास तर तुझं अंडं मी खाल्लं असतं ना!" तेव्हा अंडं फक्त उडणाऱ्यांना मिळायचं, परत आल्यावर.

ह्या दोन गोष्टी वॉल्टर इथं बसून रंगवून सांगायचा. तिसरी विचारली की म्हणायचा, "बिअर आण." बस्स. आणि अंडं? त्याच्या घरात अंडं कधी शिजलं नाही. थेल्माला वाटायचं, बाबांना आवडत नसेल.

तर त्या संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर बिटांचा ट्रक उलटला होता. थेल्मानं गाडी जुन्या धावपट्टीकडे वळवली. युद्धात वॉल्टरचं विमान तिथूनच उडायचं.

"तिकडून नको, पोरी."

"बाबा, पाच मिनिटांत घरी. चहा टाकते, तुमचा केक ठेवलाय."

"आजच्या दिवशी नको गं..."

"अहो, नुसती बिटांची शेतं आहेत आता तिथं!"

जेमतेम पाच वाजून गेलेले, पण बाहेर नोव्हेंबरचा मिट्ट काळोख. रेडिओवर फुटबॉलचे निकाल चाललेले. धावपट्टीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. तिनं किल्ली फिरवली. काही नाही. दिव्यांत फक्त धुकं आणि भेगाळलेलं काँक्रीट.

मग रेडिओ खरखरला. एक तरुण आवाज आला, दमलेला.

"नेव्हिगेटर?"

"हजर."

"वायरलेस?"

"हजर, कप्तान. भूक लागलीय."

वॉल्टरनं मागून तिचा खांदा धरला. "नॉर्मन," तो म्हणाला. "हा नॉर्मन आहे."

"वरचा गनर?"

"हजर."

"शेपूट?"

...

"शेपूट? वॉल्टर, आहेस का?"

"तिसऱ्यांदा आजच्याच दिवशी, इथंच आदळलो आम्ही," वॉल्टर भराभर बोलायला लागला. "पुढं आग दिसली, थेल्मा. मी घाबरलो. कानावरचं शिरस्त्राण काढून फेकलं आणि उडी टाकली. हजेरी न देता. शेतात उभा राहून बघत होतो... कोणी बाहेर येईना. का येत नाहीत, मला कळेना. नॉर्मन तेवढा सकाळपर्यंत जगला. तो म्हणाला, तू बोलला नाहीस, वॉल्ट. आम्ही थांबलो."

"बाबा, बोलू नका. ऐका माझं. काही बोलू नका. घरी जायचंय आपल्याला."

"शेपूट?"

"हजर!" वॉल्टर ओरडला. एवढासा श्वास उरलेला माणूस तो. "हजर, कप्तान! निघा! बाहेर पडा!"

"शेपूट? ...शेपूट?"

"ऐकू जात नाही त्यांना. प्लग... माझा प्लग कुठंय?"

तो सीटखाली चाचपडायला लागला. थेल्मा मागं वळली. अंधारात नुसता हात फिरत होता. सीटवर. दारावर. पायांपाशी.

"बाबा..."

हात थांबला.

टक् असा आवाज झाला. बारीक.

मग वॉल्टरचा आवाज आला. मागच्या सीटवरून नाही. रेडिओतून. वीस वर्षांच्या पोराचा.

"शेपूट हजर, कप्तान."

...

कोणी 'चला' म्हटलं नाही. कोणी उठलं नाही.

"उशीर केलास रे, वॉल्ट," नॉर्मन म्हणाला.

आणि मग आगीचा आवाज. सात जणांचा आवाज. सात, सहा नाही. थेल्मानं मोजले नाहीत, पण स्वतःच्या बापाचं ओरडणं कोणाला कळत नाही?

मग फुटबॉलचे निकाल पुढं सुरू झाले. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. थेल्मानं मागं न बघता गाडी थेट घरापर्यंत आणली आणि दारात हॉर्नवर डोकं टेकून बसली. शेजारी धावत आले. वॉल्टर मागं पट्टा लावून बसलेला. गेलेला. अंग गारठून दगड झालेलं.

नुसती उजवी मूठ आवळलेली होती. ती थेल्मानंच एकेक बोट सोडवून उघडली. आत शिरस्त्राणाच्या वायरीचा प्लग. रबर वितळलेलं. तिनं चटका बसून हात मागं घेतला.

चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय तिनं तो, स्वयंपाकघरातल्या फळीवर. काल मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा उघडून हात लावून पाहिला.

अजून गरम आहे.