शालनचा आवाज

त्या काळी माणसांचे आवाज संगणकावरच कमी-जास्त करत. कानामागे बसवलेली तांदळाएवढी ‘श्रवणिका’ प्रत्येकाचा आवाज ओळखायची आणि पडद्यावर नावानावापुढे एक सरकपट्टी दिसायची. गाण्याचा आवाज कमी करावा तसा शेजाऱ्याचा, मेव्हण्याचा, कोणाचाही करता येई.

भालचंद्र देवस्थळींनी शब्दकोशाच्या कामात व्यत्यय नको म्हणून बायकोची पट्टी अगदी डावीकडे नेली होती. शालन बोलायची, ते मान न उचलता ‘हं’ म्हणायचे. संसार चालला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं.

मग शालनच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. शस्त्रक्रिया सोमवारी होती, आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. देवस्थळींनी घाईघाईने पट्टी उजव्या टोकाला नेली. शालनचे ओठ हलले. ऐकू आली ती नुसती घरघर.

यंत्र बिघडलं असेल म्हणून ते श्रवणिका बसवणाऱ्या डॉ. केतकी राजाध्यक्षांकडे गेले. यंत्र ठीक होतं. बाईंनी समजावलं की मेंदू जागा रिकामी ठेवत नाही. जो आवाज वर्षानुवर्षं पोचत नाही, तो ओळखणाऱ्या पेशी दुसऱ्या कामाला लागतात. मग कान ऐकतो, पण मेंदूला त्यातले शब्द लागत नाहीत. याला त्या ‘स्वरविस्मृती’ म्हणत.

“पण बाकी सगळ्यांचं नीट ऐकू येतं मला.”

“बाकी कुणाला इतकं खाली नेलं नसेल तुम्ही.”

देवस्थळींनी उपाय विचारला.

“सराव. सहा महिन्यांनी शब्द कळू लागतील. तोवर वहिनींचा आवाज नसेल, तेव्हा आत्ताच भरपूर ध्वनिमुद्रण करून ठेवा.”

घरी येऊन त्यांनी शालनला सगळं सांगितलं, पट्टीचंही. रविवारी सकाळी ती संगणकासमोर बसली. काय बोलू, असं तिने खुणेनेच विचारलं. काहीही, ते म्हणाले.

“गिळताना टोचतंय, हे मी तुम्हाला गेल्या दिवाळीत सांगितलं होतं,” शालन शांतपणे म्हणाली. “मग संक्रांतीला. डॉक्टरांना दाखवू की थांबू, असं विचारलं होतं. तुम्ही लिहीत राहिलात. मला वाटलं, यांना काळजी वाटत नाही, म्हणजे विशेष काही नसेल. म्हणून थांबले.”

देवस्थळींनी मुद्रण चालू आहे ना, तेवढं पाहिलं, आणि हसून हाताने खूण केली. बोल, अजून बोल.