सावळ्याच्या होडीचा नांगर

राळ संपली म्हणून सावळ्या लोणावळ्याच्या बाजाराला निघाला होता. मला विड्या आणायच्या होत्या, म्हणून मी त्याच्याबरोबर. गोष्टीची सुरुवात एवढीच साधी आहे. नथू, उगाच दाराकडं बघू नकोस, अजून काही झालेलं नाही.

सावळ्या तुमच्या ओळखीचा आहे. कान्ह्याच्या बाजारात मासे घेऊन बसतो तोच, धरणावरच्या वाडीतला. वजन करताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नाही. तो पहिल्यापासून असा नव्हता. मी थापा मारतो अशी गावात बोलवा आहे. असू दे. वाघ शेपटीला धरून फिरवला ती थापच होती. पण ही गोष्ट शेवटाला मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली, त्याच्या पुढचा उन्हाळा. तोवर दुसऱ्यांच्या होड्या वल्हवलेल्या सावळ्यानं स्वतःची बांधायला काढली होती. दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढीच, ऐनाच्या फळ्यांची. सांध्यात कापसाचा पिळा ठोकायचा, वर तेलात कढवलेली राळ ओतायची, मग सगळ्या अंगाला तेल चोळायचं. बाजाराला निघालो होतो ते ह्याच राळेसाठी. त्याची बायको सारजाबाई एकदा माझ्यादेखत म्हणाली, "होडीला लेकरावानी तेल चोळतुया. माज्या पाठीला कवा हात लागला न्हाई."

वल्ही झाली, जाळं झालं. राहिला नांगर. लोखंडाचा नांगर आपल्याकडं कुठला, आपल्याकडं दोराला दगड. पण साधा दगड दोरातून निसटतो. मधोमध आरपार भोक असलेला दगड मिळाला तर सोनं.

त्या साली धरणाचं पाणी इतकं उतरलं की बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती वर आल्या. त्या गावची धोंडाबाई आता वाडीतच राहायची. पाणी चढलं तेव्हा ती नेसत्या लुगड्यानिशी, कडेवर पोर घेऊन निघाली होती. तेव्हापासून शेजारणीच्या जात्यावर दळायची आणि दळता दळता शेजारणीचे टोमणे ऐकायची. तिनं सावळ्याला गाठलं.

"माज्या घरची भिंत वर आलीया म्हनत्यात. चुलीच्या डाव्या अंगाला जातं हाय बग. माज्या सासूचं. नातीची हळद त्याच्यावरच दळायची हाय रं. आनशील?"

"आनतो की, मावशी. त्यात काय."

गेला. जातं होतं. खालची तळी, म्हणजे खालचा दगड, जमिनीत रोवलेली, हलेना. वरची सुटी. उचलून चिखल धुतला, तर मधोमध दाणे टाकायचं तोंड. आरपार. त्यानं सहज दोर ओवून पाहिला. अगदी बेताचा बसला.

माणूस वाईट नसतो, पोरांनो. हातात दोर असतो आणि समोर भोक असतं, तेवढंच. हसू नका.

अर्धं जातं म्हातारीच्या काय कामाचं, असं त्यानं स्वतःला समजावलं. चार गडी आणि एक पहार घेऊन गेलं तर खालची तळीही निघाली असती, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. धोंडाबाईला म्हणाला, "गाळात गेलं, मावशी. घावलं न्हाई."

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. मग म्हणाली, "जाऊ दे. माज्यापायी चिखलात उतरलास, त्येच लय." आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

होडी पाण्यात लोटायच्या दिवशी वाडीतली वडीलधारी म्हणून नारळ वाढवायला तिलाच बोलावलं. न बोलावून कसं चालेल? तिनं होडीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि दमली म्हणून होडीतच टेकली. गोणपाट टाकलेलं होतं, त्यावर.

गोणपाटाखाली तीच तळी.

"हितं बरं गार लागतंया," धोंडाबाई म्हणाली.

सारजाबाईनं पदर तोंडाला लावून पाठ फिरवली. तिला ठाऊक होतं. सावळ्या वल्ह्याकडं बघत राहिला.

नातीची हळद आली. वैशाख वद्य अष्टमी, मंगळवारची रात्र. मांडवात बायकांनी शेजारणीच्या जात्याला हळकुंड बांधलं. सारजाबाई निघताना म्हणाली, "हळदीला येत न्हाई?"

"मासं बगतो जरा."

"बगा. त्येनला तोंड दाखवाय सोपं."

तो एकटाच होडी घेऊन आत गेला. चंद्र उगवायला अवकाश होता. वाडीतली गाणी पाण्यावरून ऐकू येत होती, म्हणून आणखी आत गेला. ऐकू येईना तिथं थांबला. ते जुन्या गावाच्या अजून पाण्याखालीच राहिलेल्या आळीच्या डोक्यावर होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. नांगर सोडला. जाळं टाकलं.

वारा नव्हता. पाणी तेलासारखं स्थिर.

टक्.

सावळ्यानं मान वर केली. टक्... टक्...

खिळा सुटला असेल. नवी होडी आहे. त्यानं अंधारात एकेक खिळा चाचपला. सगळे जागच्या जागी. सांध्यांवरून तळवा फिरवला. कोरडे. फळीला कान लावला. आवाज फळीत नव्हता.

दोराला हात लागला... आणि त्याला कळलं. आवाज दोरातून येत होता. प्रत्येक टक् सरशी दोर थरथरत होता. खालून. सावकाश. कुणी मन लावून काम करत बसावं तसा.

"कोन हाय?"

टक् थांबली.

पाणी तसंच. तो श्वास धरून बसला. मग परत... टक्... टक्...

त्यानं दोर ओढला. येईना. दोन्ही पाय फळीला लावून ओढला. येईना. उलट दोरच ताणला गेला. होडीचं तोंड खाली झुकलं. पाणी काठाला आलं. एक ओंजळ आत पडली. मग दुसरी.

कोयता काढून दोर तोडला असता तर सुटला असता. हे त्यानंच मला सांगितलं. कोयता हातातही घेतला होता. पण तळी खाली राहिली तर ती कायमचीच गेली... आणि आपलं खोटं खरं झालं. "गाळात गेलं, मावशी." हात चालेना.

कोयता खाली ठेवला.

"देतो," तो म्हणाला. "देतो म्हातारीला. मीच नेलं, असं सांगतो..."

दोर तसाच ताणलेला.

"...सगळ्यांम्होरं सांगतो."

दोर सैल पडला.

पहाटे मांडवात आम्ही बाप्ये मंडळी चहाची वाट बघत बसलो होतो. सावळ्या आला. अंगावरून पाणी गळत होतं. डोक्यावर तळी. गाणं म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या.

"मावशी, घावलं हुतं. मीच... होडीला लावलं. तुमी बसला व्हता त्याच्यावर."

कुणीतरी बाई "अगं आई" म्हणाली. शेजारणीनं आपल्या जात्याचा खुंटा सोडला. मला वाटलं आता म्हातारी शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सावळ्या अजून म्हणतो.

धोंडाबाई म्हणाली, "ठेव खाली बाबा. मान दुखंल."

तो जमिनीवर बसला आणि तोंड गुडघ्यात घातलं. ते तोंड मग त्यानं कधी नीट वर केलंच नाही.

तिनं तळी उलटी केली. दळायच्या अंगावरून हात फिरवला. हात मध्येच थांबला.

"सावळ्या," ती म्हणाली, "टाकी कुणाकडनं लावलीस?"

मीही वाकून बघितलं. इतकी वर्षं पाण्यात पडलेला दगड गोट्यासारखा गुळगुळीत व्हायला हवा. पण दळायच्या अंगाला छिन्नीचे बारीक घाव होते, ओळीनं, एकसारखे. पाथरवट जात्याला टाकी लावून गेला की पहिल्या दळणाआधी दिसतात तसे. आणि पाथरवट तर आपल्याकडं दिवाळीशिवाय फिरकत नाही.

"कुनाकडनं न्हाई, मावशी," सावळ्या गुडघ्यातूनच म्हणाला. "पान्यातनं काढली ती सरळ हितंच."

म्हातारीनं एका घावातून बोट फिरवलं आणि कंदिलापाशी धरलं. बोटाला दगडाची पांढरी पूड लागली होती. तिनं हलकेच फुंकर मारली.

पूड उडाली. तळी सगळी ओलीचिंब होती, आणि पूड कोरडी.