करडीचा रंग

घोडी विकत घ्यायची म्हणजे काही भुताखेताचं काम नव्हे. फ्रीगंजात दातांचा दवाखाना चालवणारा शैलेंद्र त्या रविवारी निघाला, तो भाजी आणायला निघावं तसाच. बायको गेल्यापासून त्याची मुलगी ईरा घराबाहेर पडत नव्हती. कॉलेज सुटलं, हसणं सुटलं. आणि परवा एकदम म्हणाली, "बाबा, क्षिप्रेच्या काठाकाठानं घोड्यावरून हिंडावंसं वाटतंय." मग काय, बापानं घोडी शोधून काढलीच!

देवासच्या रस्त्यावर, आतल्या एका खेड्यात. करडी, जवळजवळ पांढरीच झालेली, स्वभावानं गरीब. करडं जनावर वयाबरोबर पांढरं होत जातं, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हातारी घोडी पोरीला बरी, असा त्यानं विचार केला. विकणाराही म्हातारा, कंबरेतून वाकलेला. "ले जाओ साब, बड़ी सीधी है," म्हणाला आणि आत वळून त्यानं हाक मारली, "अम्मा, रस्सी देना."

रस्सी घेऊन आली ती काळ्याभोर केसांची बाई. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं शैलेंद्रला वाटलं. बाईनं मान वर केली नाही. "वापस मत लाना, भैया," एवढंच पुटपुटली.

पहिल्याच सकाळी ईरा नदीकाठानं फिरून आली, ती गालांवर रंग घेऊन. पोळी मागून घेतली. शैलेंद्रचे डोळे भरून आले हो! दुसऱ्या दिवशी मात्र ती केस पुसत असताना त्याला तिच्या कपाळावर पांढरी बट दिसली. आणि अंगणात, घोडीच्या मानेवर काळा डाग. त्यानं ओल्या फडक्यानं घासघास घासला. निघेना.

पुढच्या दिवशी ईरा जिन्याच्या कठड्याला धरून थांबली. "गुडघा दुखतोय जरा... पण बाबा, मी खूप मजेत आहे. उद्या लांब जाईन."

घोडी आता छातीपर्यंत काळीकुट्ट झाली होती.

झोप कसली येतेय! ईरा उठायच्या आत शैलेंद्रनं घोडी सोडली. ओढून न्यायला गेला, तर ती जागची हलेना. शेवटी खोगीर चढवून तो स्वतःच बसला. पोरीपेक्षा मी बरा, म्हणाला. मग चालली, अगदी अलगद. सगळीकडे धुकं, ओल्या मातीचा वास, टापांचा आवाज. हळूहळू टापा ऐकू येईनाशा झाल्या. धुक्यामुळे असेल, असं त्यानं मनाला समजावलं.

खेड्यातल्या त्या घराला कुलूप होतं. शेजारी त्याच्या कानाशी येऊन ओरडला, "लड़का चल बसा, दादाजी! तीस का भी नहीं था. माँ मायके चली गई."

शैलेंद्रनं लगाम टाकला आणि चालू लागला. थोडं चालला नाही तोच मटकन खाली बसला. गुडघे उचलेचनात. घोडी मागून आली आणि शेजारी उभी राहिली. घर गाठायचं तर दुसरा इलाज नव्हता...

फाटकाशी ईरा वाट बघत होती. तिनं त्या काळ्याभोर, तुकतुकीत घोडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आजोबा, हे खोगीर आमचं आहे. माझे बाबा कुठे दिसले का तुम्हाला?"

त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. घोडीनं मान लांब करून ईराच्या खांद्यावर तोंड टेकलं.

"अगं बाई, किती गोड आहेस तू! थांबा हं आजोबा, मीच शोधून आणते बाबांना," ती म्हणाली. तिनं त्याला हाताला धरून हलकेच खाली उतरवलं, आणि रिकिबीत पाय घातला.